शहर दारात आले, वेस कुठे गेली?

हिंगणी हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले गाव. सेलूहून बोर धरणाकडे निघाले की वाटेत हिंगणी लागते. २०१४ मध्ये बोर अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि वर्ध्याजवळ येळाकेळीला त्यावर चढण्या-उतरण्याची सोय झाली. तालुक्याचे सेलू ग्रामपंचायतीचे नगरपंचायत झाले. नागपूरचा माणूस पहाटे निघतो, बोरची सफारी करतो आणि संध्याकाळी घरी पोचतो. अशा पट्ट्यात रस्त्याला लागून असलेल्या वावराकडे कापूस-सोयाबीनच्या हिशेबाने फार दिवस कोणी बघत नाही. त्यात प्लॉट किती पडतील, याचा हिशेब सुरू होतो.

याला सगळे विकास म्हणतात. आपली पोरेही म्हणतात. रस्ता झाला, दुकाने आली, गाडी चालवायला मिळाली, रिसॉर्टवर काम मिळाले. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. पण आंबेडकरी माणसाने विकास या शब्दापुढे नेहमी एक प्रश्न ठेवला पाहिजे: या वाढीच्या नकाशात आपली वस्ती कुठे आहे? नळ तिच्यापर्यंत येतो का? नाली तिच्यातून बाहेर जाते, की साऱ्या गावाची नाली तिच्यात येऊन थांबते? ज्या जागेवर घर आहे, ती जागा कोणाच्या नावावर आहे?

माझे म्हणणे सरळ आहे. गाव वाढून शहर होते तेव्हा पाणी, गटार, रस्ता आणि जागा यांचा जो नकाशा तयार होतो, तो पुढच्या दोन-तीन पिढ्यांची जात जमिनीवर आखून ठेवतो. शहर झाले म्हणजे जात आपोआप गेली, असे होत नाही. आणि हा नकाशा तयार होत असताना आंबेडकरी चळवळ बहुतेक वेळा तिथे हजर नसते.

चवदार तळे नगरपालिकेचे होते

नळ, नाली, लेआउट हे चळवळीचे विषय नव्हेत, ती नगरसेवकाची कामे, असे आपल्यातल्या अनेकांना वाटते. त्यांनी महाड पुन्हा वाचावे.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले होते. पण एकाही अस्पृश्याने तिथे ओंजळ भरली नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि कागदावरचा ठराव पाण्यात उतरला. सवर्णांनी मारहाण केली, तळ्याचे शुद्धीकरण केले आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. मग कोर्टकचेरी झाली, ती १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल देईपर्यंत चालली.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, आपल्या चळवळीचा पाया एका छोट्या शहराच्या नागरी सुविधेवर घातला गेला. ते तळे कोणा देवळाचे नव्हते, नगरपालिकेचे होते आणि बाबासाहेबांनी नागरिक म्हणून त्यावर हक्क सांगितला. दुसरी, ठराव आणि पाणी यांच्यात अंतर असते. ते अंतर संघटना कापते, सरकार स्वतःहून कापत नाही.

आपण शहरात गेलो, आता शहर आपल्याकडे येत आहे

वर्धा जिल्ह्याला खेड्याचा मोठा अभिमान. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले, तेच पुढे सेवाग्राम झाले. देशभरच्या ग्रामस्वराज्याच्या गप्पा या मातीतून निघाल्या. त्याच काळात बाबासाहेब खेड्याबद्दल अगदी वेगळे बोलत होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली. अस्पृश्यांना जुन्या गावांपासून वेगळ्या वसाहती द्या, ही मागणी तिथे ठरावाने पुढे आली. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याचे गुणगान करणाऱ्यांची भीडभाड ठेवली नाही. संविधानाचा घटक त्यांनी खेडे ठरवला नाही, व्यक्ती ठरवली.

आपल्या आजोबा-पणजोबांनी हे ऐकले. नागपूरच्या गिरण्या, हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्या, रेल्वे, पुलगावचा दारूगोळा डेपो, जिथे मिळेल तिथे ते गेले. गावकी सुटली, पगार हातात आला, पोर शाळेत गेले. शहराने आपल्याला खूप दिले, हे नाकारायचे कारण नाही. पण शहराने जात धुऊन टाकली, असेही झाले नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते. धागा तुटला की तो तोंडाने ओला करावा लागतो आणि त्याने विटाळ होतो, हे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. यंत्र नवे होते, शहर नवे होते, विटाळ जुनाच होता.

आज उलटा प्रवास सुरू आहे. आपण शहराकडे जायच्या ऐवजी शहरच गावाकडे येत आहे. देशात २००१ च्या जनगणनेत १,३६२ गावे अशी होती, की जी लोकसंख्येने, दाटीने आणि रोजगाराने शहरच होती, पण कागदावर ग्रामपंचायत होती. २०११ मध्ये त्यांची संख्या ३,८९४ झाली. दहा वर्षांत जवळपास तिप्पट. सरकार त्यांना जनगणना शहरे म्हणते. पाच हजारांच्या वर लोकवस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसे आणि पुरुष कामकऱ्यांपैकी पाऊण हिस्सा शेतीबाहेर, असे त्याचे माप आहे. माप शहराचे आणि कारभार ग्रामपंचायतीचा. हिंगणी आज या मापात बसते की नाही, हा मुद्दा नाही. हिंगणीसारख्या गावांची वाट कुठे जाते, ते वर्ध्यात जाऊन बघता येते.

एका रस्त्याच्या दोन बाजू

२०११ च्या जनगणनेत वर्धा नगरपरिषदेच्या हद्दीत १,०६,४४४ लोक होते. पण वर्धा शहर तेवढेच आहे का? पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी, म्हसाळा ही गावे शहराला चिकटून वाढली. कुठे शहर संपले आणि कुठे ग्रामपंचायत लागली, हे फलक वाचल्याशिवाय नव्या माणसाला कळत नाही. दवाखाना, कॉलेज, नोकरी, बाजार सगळे एकच. फक्त हद्द वेगळी.

हद्द वेगळी म्हणून काय बिघडते? पाण्याचे माप बघा. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. शहरासाठी सरकारचेच माप १३५ लिटरचे. म्हणजे रस्त्याच्या अलीकडच्या माणसाला १३५ आणि पलीकडच्याला ५५. दोघेही सारख्याच दोन खोल्यांत राहतात, दोघांच्याही घरी संडास आहे. पलीकडच्याची तहान कमी आहे का?

गटाराचे तेच. २०१५ मध्ये केंद्राची अमृत योजना आली. त्यात लाखाच्या वर लोकसंख्येची शहरे घेतली. वर्धा बसले, हिंगणघाट बसले. वर्ध्यात भुयारी गटाराची खोदकामे झाली आणि त्या खोदकामांनी लोकांना किती त्रास दिला, ते वर्धेकर जाणतात. पण त्रास का होईना, शहराला योजना तरी मिळाली. ज्या गावांमुळे खरे तर शहर लाखाच्या कितीतरी पुढे गेले, ती गावे हद्दीबाहेर म्हणून त्या मोजणीतच नव्हती.

आता यात आपला माणूस कुठे आहे? तो दोन्हीकडे आहे. जुन्या गावठाणाच्या कडेला त्याची वस्ती आहे, आणि खेड्यातून शहराजवळ आलेला शेतमजूर, बांधकाम मजूर, दवाखान्यात-कॉलेजात कंत्राटावर लागलेला माणूस स्वस्त भाड्याची खोली म्हणून याच हद्दीबाहेरच्या भागात राहतो. ज्याच्याकडे पैसे आहेत, तो बोअर मारतो, टाकी बांधतो, फिल्टर बसवतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याला सार्वजनिक नळच लागतो. नागरी सुविधा ही गरिबाची खासगी मालमत्ता असते. ती कमी पडली की सगळ्यात आधी त्याच्या घरात कमी पडते.

कोणाचे अनधिकृत नियमित होते?

शहर वाढते तेव्हा सगळ्यात मोठा व्यवहार जमिनीचा होतो. समृद्धी महामार्गासाठी सरकारने जमीन थेट खरेदी केली. मोबदला पाचपटीपर्यंत गेला. ज्याचा सातबारा, त्याचा मोबदला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्या जमिनीवर तीन वर्षे राबणाऱ्या शेतमजुरालाही बाधित कुटुंब मानले आहे. पण थेट खरेदीत सौदा सातबाऱ्यावरच्या नावाशी होतो. त्या वावरात दरवर्षी कापूस वेचणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच कागदावर नसते. जमिनीचे पैसे होतात तेव्हा भूमिहीनाची फक्त मजुरी जाते.

मग ज्यांच्याकडे पैसा आला ते प्लॉट घेतात. लेआउट पडतात. काही मंजूर, काही बिनमंजुरीचे. बिनमंजुरीच्या लेआउटसाठी राज्यात २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. आधी १ जानेवारी २००१ पूर्वीची गुंठेवारी नियमित होत होती. २०२१ मध्ये ती मुदत थेट ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. २०२५ मध्ये तुकडेबंदी कायद्यात सूट देऊन एक-एक गुंठ्याचे व्यवहार मान्य करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. याने मध्यमवर्गाला दिलासा मिळाला. त्यात आपली नोकरदार माणसेही आहेत. त्याला विरोध करायचे कारण नाही.

पण आता दुसरी बाजू बघा. ज्याच्याकडे गुंठाही विकत घ्यायला पैसे नव्हते, त्याने घर कुठे बांधले? गावाबाहेर, नाल्याच्या काठी, सरकारी पडीक जमिनीवर. पूर्व विदर्भात अशी पुष्कळ जमीन महसुली कागदांत झुडपी जंगल म्हणून नोंदलेली आहे. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून ८६ हजार हेक्टरांहून जास्त. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ही झुडपी जमीन कायद्याने वनजमीनच आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सरकारने ज्यांना ती वाटली त्यांच्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवून मार्ग काढावा, अशी वाट न्यायालयाने ठेवली. त्यानंतरच्या वाटपाची मात्र कडक छाननी होणार आहे.

जंगल राहिले पाहिजे, यात वाद नाही. बोरचे जंगल हिंगणीच्या उशाशी आहे, त्याचे मोल तिथल्या माणसाला कोणी शिकवायला नको. वाद न्यायाचा आहे. खासगी शेतात बिनमंजुरीचे प्लॉट पाडून विकणाऱ्याची चूक नियमित करायला सरकार मुदत वीस वर्षांनी पुढे नेते. आणि सरकारनेच ज्या झुडपी जमिनीवर शाळा, रस्ते, वस्त्या उभ्या राहू दिल्या, विजेचे मीटर दिले, घरटॅक्सची पावती फाडली, तिथला गरीब तीस-चाळीस वर्षांनंतरही अतिक्रमणधारक असतो. एकाला लेआउट म्हणतात, दुसऱ्याला अतिक्रमण. हा शब्दांचा फरक नाही, सातबाऱ्याचा फरक आहे. आणि सातबारा कोणाकडे का नव्हता, हा इतिहास आपल्याला नव्याने सांगायची गरज नाही.

याचा परिणाम पुढे घरकुलावर होतो. रमाई आवास योजनेत नाव लागते, पण जागेचा कागद नाही म्हणून फाइल अडते. योजना आपल्या नावाची, पैसा आपल्या वाट्याचा, आणि अडसर जागेचा. १ जानेवारी २०११ पूर्वीची सरकारी जागेवरची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण राज्यात आहे. पण त्यासाठी जमीन कोणत्या नोंदीची आहे, हे आधी कळले पाहिजे. आपल्या किती वस्त्यांनी आपल्या पायाखालच्या जमिनीचा उतारा कधी काढून बघितला आहे?

खाली कोण उतरतो?

गटाराचा विषय निघाला की लोक नाक मुरडतात. आंबेडकरी माणसाला नाक मुरडण्याची चैन परवडत नाही.

गाव शहरासारखे वाढते पण गटार येत नाही, तेव्हा प्रत्येक घराखाली संडासाची टाकी बसते. फ्लॅट स्कीमखाली मोठी टाकी बसते. रिसॉर्टखाली त्याहून मोठी. ही टाकी कधीतरी भरते. मग मैला ओढणारा टँकर येतो. तळाला घट्ट गाळ बसला की पाइप अडतो. अशा वेळी कोणाला तरी खाली उतरायला सांगतात. तो कोण असतो?

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले आहे. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३ ला तीच तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागली, याचा अर्थ मरणे थांबले नव्हते. कायदा आहे, निकाल आहे, यंत्रे बाजारात मिळतात. तरीही माणूस उतरतो, कारण यंत्र आणायला खर्च येतो आणि विशिष्ट जातीचा माणूस स्वस्तात मिळतो.

म्हणून लहान शहराच्या वाढीचा विचार करताना मला पहिला प्रश्न रस्त्याच्या रुंदीचा पडत नाही, टाकीचा पडतो. प्रत्येक नवा मंजूर लेआउट, प्रत्येक नवे रिसॉर्ट, प्रत्येक नवी फ्लॅट स्कीम म्हणजे आणखी एक टाकी. गटाराची आणि मैला प्रक्रियेची सोय न करता बांधकामाला परवानगी देणे म्हणजे उद्याच्या एका सफाई कामगाराच्या जिवावर शहर उभे करणे. हे नियोजनातले छोटे दुर्लक्ष वाटते. त्यामागे जातीचे गृहीतक आहे: घाण काढायला कोणीतरी असतोच.

ग्रामपंचायतच बरी नाही का?

इथे आपलेच कार्यकर्ते एक आक्षेप घेतात आणि तो दमदार आहे. ते म्हणतात, हद्दवाढ झाली किंवा नगरपंचायत झाली की घरटॅक्स वाढतो. ग्रामीण रोजगार हमी जाते. ग्रामपंचायतीत आरक्षणाने आपला सरपंच तरी होतो, ग्रामसभेत उभे राहून बोलता येते. शहरात प्रभाग असा कापतात, की आपली वस्ती दोन-तीन तुकड्यांत वाटली जाते आणि आपला माणूस कुठूनच निवडून येत नाही. शिवाय नगरपालिकेचा तरी काय भरवसा? ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि राज्यातल्या अनेक नगरपरिषदा वर्षानुवर्षे प्रशासकाच्या ताब्यात राहिल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले.

हे सगळे खरे आहे. पण यातून ग्रामपंचायतीतच राहू, हा निष्कर्ष निघत नाही. गावाबद्दल बाबासाहेबांचा अनुभव आपल्याला विसरता येत नाही. १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीच्या विधेयकावर बोलताना त्यांनी अल्पसंख्य अस्पृश्यांना संरक्षण नसेल तर पंचायतीला जास्त अधिकार देण्याचा धोका दाखवला होता. आज आरक्षण आहे, ही त्याच लढ्याची कमाई. पण आरक्षित सरपंचाच्या हातात तिजोरी किती असते? पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता. अशा निधीतून नाली होईल, पाइप बदलेल. शहरासारख्या वाढलेल्या गावाची मैला प्रक्रिया त्यातून उभी राहणार नाही.

आणि दुसरे बघा. हद्दवाढीला सगळ्यात मोठा विरोध नेहमी टॅक्सच्या नावाने होतो. पण वाढलेल्या टॅक्सचा मोठा भार कोणावर येतो? मोठा बंगला, मंगल कार्यालय, रिसॉर्ट, व्यापारी गाळे यांच्यावर. त्यांचा विरोध आपल्या दोन खोल्यांच्या नावाने लढवला जातो. आपण त्यांच्या मोर्चाला गर्दी पुरवायची का?

आपली भूमिका 'हो' किंवा 'नाही' एवढीच असायला नको, ती अटींची असली पाहिजे. शहर करा, पण आधी वस्त्यांचे पट्टे. शहर करा, पण पहिला नळ आणि पहिले गटार जुन्या वस्तीत, नव्या लेआउटमध्ये नंतर. शहर करा, पण लहान घरांना टॅक्समध्ये सवलत. शहर करा, पण प्रभाग पाडताना वस्ती फोडायची नाही. कायद्याप्रमाणे साधारण दहा ते पंचवीस हजार लोकसंख्येच्या बदलत्या भागाला नगरपंचायत करता येते. म्हणजे अनेक गावांवर ही वेळ येणारच आहे. ती येईल तेव्हा आपली अटींची यादी तयार असली पाहिजे.

जयंतीच्या वर्गणीतला एक दिवस नकाशाला द्या

आता थोडे आपल्या घरचे बोलू. आपल्या वस्तीत कमान झाली पाहिजे, पुतळा झाला पाहिजे, विहार झाले पाहिजे. त्यासाठी आपण वर्गणी काढतो, मोर्चे काढतो, वेळ पडली तर मार खातो. अस्मितेशिवाय माणूस ताठ उभा राहत नाही, म्हणून हे सगळे लागते. पण कमानीखालून जाणारी नाली उघडी असेल आणि विहाराच्या मागचे घर अतिक्रमणात असेल, तर आपण दाराची शोभा केली आणि घर दुसऱ्याच्या मर्जीवर सोडले.

तरुण कार्यकर्त्यांनी पुढची कामे आजपासून हातात घ्यावीत. यातल्या एकालाही पुढाऱ्याची परवानगी लागत नाही.

पहिले, वस्तीचा उतारा काढा. जमीन गावठाणात आहे, गायरान आहे, नझूल आहे की झुडपी, हे तलाठ्याकडून लेखी घ्या. दिले नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. झुडपी असेल तर १९९६ पूर्वीचे पुरावे आत्ताच गोळा करा: मतदार यादी, शाळेचा दाखला, वीज बिल, घरटॅक्सची पावती.

दुसरे, विकास आराखड्यावर नजर ठेवा. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. या तीस दिवसांत बिल्डरचा माणूस रोज नगररचना कार्यालयात असतो. आपला माणूस वर्षभराने, रस्ता घरावरून गेल्यावर येतो. हरकत लेखी द्या, पोच घ्या आणि सुनावणीला वस्तीतल्या बायकांना घेऊन जा. पाण्याची रांग त्या लावतात, त्यांना कोणी गप्प करू शकत नाही.

तिसरे, पैशाचा हिशेब मागा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आहेत. दलित वस्ती म्हणून आपण ओळखतो तो निधी वेगळा आहे. तो आपल्या वस्तीतच खर्च झाला का, की आपल्या नावावर लेआउटचा रस्ता झाला, हे ग्रामसभेत कागद घेऊन विचारा. राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे १२ टक्के आहे. तेवढा वाटा अर्थसंकल्पात ठेवणे आणि दुसरीकडे न वळवणे बंधनकारक करणारा कायदा आंध्र प्रदेशने आणि कर्नाटकने २०१३ मध्ये केला. महाराष्ट्रात तो व्हावा, ही मागणी गावोगावच्या हिशेबातूनच जोर धरेल.

चौथे, जनगणना. २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. धर्म बौद्ध लिहा आणि अनुसूचित जातीच्या रकान्यातही नोंद करा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना तो हक्क दिला आहे. वस्तीचा निधी लोकसंख्येवर ठरतो. जो मोजला गेला नाही, त्याच्या नावाचा पाइप येत नाही.

पाचवे, टाकी आणि टँकर. आपल्या गावात मैला कोण उपसतो, कोणत्या साधनाने उपसतो आणि नेऊन कुठे टाकतो, हे नोंदवा. यंत्राशिवाय उतरवत असतील तर तिथेच थांबवा आणि तक्रार करा. हे काम फक्त त्या एका जातीच्या संघटनेचे आहे असे समजून बाकीच्यांनी बाजूला राहायचे नाही. जो टाकीत उतरतो तोही आपलाच आहे. त्याला एकटे सोडणारी चळवळ स्वतःला आंबेडकरी म्हणवून घेऊ शकत नाही.

इंजिनिअर, वकील, पत्रकार, शिक्षक झालेल्या आपल्या भावाबहिणींनाही एक सांगणे आहे. तुम्ही लेआउटमध्ये घर बांधले, चांगले केले. बाबासाहेबांनाही तेच हवे होते. पण नकाशा वाचता येणारी, एफएसआय म्हणजे काय ते कळणारी, हरकतीचा मसुदा लिहू शकणारी पहिली पिढी तुमची आहे. महिन्यातला एक रविवार जुन्या वस्तीच्या विहारात बसा आणि लोकांचे कागद बघा. पुस्तकाचे दान चांगले, पण यापेक्षा मोठे दान आज दुसरे नाही.

सेलू-हिंगणीच्या पट्ट्यात शहर येणार आहे. रस्ता झाला आहे, पैसा मागोमाग येतो आहे, तो कोणाच्या म्हणण्याने थांबणार नाही. थांबवायचाही नाही. पूर्वी वेस दगडाची होती, दिसायची. आता ती हद्दीच्या रेषेत आहे, आराखड्याच्या रंगात आहे, ५५ आणि १३५ लिटरच्या फरकात आहे, सातबाऱ्याच्या कोऱ्या रकान्यात आहे. दगडाची वेस ओलांडायला पाय पुरत होते. ही ओलांडायला कागद वाचावा लागेल, वेळेत हरकत घ्यावी लागेल आणि एकत्र जावे लागेल. महाडला आपण तळ्यावर गेलो होतो. आता नगररचना कार्यालयात जायचे आहे.

जय भीम! जय संविधान!